एका प्रार्थनेच्या अनेक प्रती

जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचे 'अ लव्ह सुप्रीम' माझ्याकडे प्रथम आले ते ६० मिनिटांच्या कॅसेटवर. एका मित्राने कुणाकडून तरी मिळवलेल्या रेकॉर्डवरून ते उतरवून दिले होते. मूळ रचना साधारण ३३ मिनिटांची आणि कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. दुसऱ्या बाजूवर त्याला गझला भरायच्या होत्या, म्हणून रेकॉर्डच्या दोन्ही बाजू त्याने कॅसेटच्या एकाच बाजूत बसवल्या. शेवटची दोन-तीन मिनिटे मावली नाहीत. चौथा भाग संथपणे पुढे जात असतानाच टेप खट् करून थांबायची. ही रचना अशीच अर्ध्यात तुटते, हीच तिची खुबी आहे, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. त्या तुटण्यावर मी मित्रांसमोर व्याख्यानही झोडले होते. पुढे सीडी हाती आली तेव्हा कळले की मी इतकी वर्षे एक दुआ तिच्या 'आमीन'शिवाय ऐकत होतो आणि तिच्यावर मत मात्र ठामपणे देत होतो.

त्या फजितीतून मला कोल्ट्रेनच्या निरनिराळ्या प्रती गोळा करण्याची आणि त्या शेजारीशेजारी ठेवून ऐकण्याची सवय लागली. एकच रचना चार-पाच वेळा विकत घेणाऱ्या माणसाकडे घरचे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे सांगायला नको. 'तेच तर आहे ना सगळ्यांवर?' हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. हदीसच्या अभ्यासकांनी मतन म्हणजे मजकूर जितका पाहिला, तितकीच सनदही पाहिली. हे कुणी सांगितले, त्याने ते कुणाकडून ऐकले, त्या दोघांची गाठ पडणे शक्य होते का, रावीची स्मरणशक्ती कशी होती, त्याचा खरेपणा कसा होता, हे सारे त्यांनी तपासले. साखळीतली एखादी कडी कच्ची निघाली तर मजकूर कितीही मनाला भावणारा असो, त्याला 'जईफ' म्हटले गेले. हदीसची आणि जॅझच्या टेपची बरोबरी मला करायची नाही. ती बेअदबी होईल. मात्र कानावर आलेल्या गोष्टीबद्दल 'ही माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली?' असे विचारण्याची जी शिस्त त्या विद्वानांनी घालून दिली, ती आपल्याला इतरत्रही उपयोगी पडू शकते. ध्वनिमुद्रणाच्या जगात तर टेपच्या नकलेला 'पिढी' असाच शब्द वापरतात. मूळ टेप ही पहिली पिढी, तिच्यावरून केलेली नक्कल दुसरी, तिच्यावरून केलेली तिसरी. प्रत्येक पिढीगणिक थोडा आवाज गळतो आणि थोडी खरखर वाढते.

*

आधी मूळ प्रसंग पाहू. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या इंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत चार वादक जमले. टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. कंपनी इम्पल्स, निर्माता बॉब थील. एका बैठकीत चार भाग ध्वनिमुद्रित झाले. त्यांची नावे 'अ‍ॅक्नॉलेजमेंट', 'रेझोल्यूशन', 'पर्स्युअन्स' आणि 'साम'. मराठीत सांगायचे तर कबुली, निश्चय, शोध आणि स्तोत्र. 'साम' हा शब्द ज्या ग्रंथाची आठवण करून देतो तो आपल्याला 'जबूर' या नावाने माहीत आहे. हजरत दाऊद यांच्यावर उतरलेला ग्रंथ म्हणून आपण त्याला मानतो.

रचनेमागे एका माणसाची सुटका आहे. कोल्ट्रेनचा जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅम्लेट गावचा. त्याचे दोन्ही आजोबा काळ्या लोकांच्या मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. तरुणपणी तो हेरॉइन आणि दारूच्या आहारी गेला. १९५७ साली माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या वाद्यवृंदातून काढून टाकले. त्याच वर्षी त्याने दोन्ही व्यसने सोडली. 'अ लव्ह सुप्रीम'च्या वेष्टनावर छापलेल्या पत्रात तो लिहितो की १९५७ साली ईश्वराच्या कृपेने त्याला आत्मिक जाग आली, आणि ही रचना म्हणजे त्याबद्दलची त्याची नम्र भेट आहे. त्याची दुसरी पत्नी अ‍ॅलिस हिने नंतर सांगितले की काही दिवस वरच्या मजल्यावर एकांतात काढून तो ही रचना घेऊन खाली आला, तेव्हा पर्वतावरून उतरणाऱ्या मूसांसारखा दिसत होता.

१९६५ च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाजारात आली. उघडणाऱ्या दुहेरी वेष्टनात एक पत्र होते आणि कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली एक कविता होती. हे छापील पान या रचनेचा भाग आहे, हे लक्षात ठेवावे. त्याच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

*

रेकॉर्डचे नशीब मात्र बरे नव्हते. इम्पल्स ही कंपनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. टेपांची ने-आण झाली, काही टाकून दिल्या गेल्या. 'अ लव्ह सुप्रीम'च्या सुरुवातीच्या सीडी निघाल्या त्या १९७० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या एका नकलेवरून, ज्यात आवाजाचे चढउतार दाबून सपाट केलेले होते. माझ्याकडची पहिली सीडी याच घराण्यातली. तिच्यात शेवट होता, म्हणून मी खूश होतो. पण जोन्सच्या झांजा पत्र्यासारख्या वाजत होत्या आणि गॅरिसनचा बास भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू येत होता.

२००२ साली जी दोन सीडींची आवृत्ती निघाली, ती तयार करताना एक वेगळी टेप वापरली गेली. व्हॅन गेल्डरने १९६५ साली इंग्लंडमधल्या प्रकाशनासाठी एक प्रत करून पाठवली होती, ती तिकडे जपून ठेवलेली सापडली. म्हणजे अमेरिकन कंपनीच्या स्वतःच्या घरी राहिलेली साखळी कच्ची निघाली, आणि समुद्रापलीकडे गेलेल्या रावीची साखळी भरवशाची ठरली. दोन सीडी एकापाठोपाठ लावल्या की फरक पहिल्या मिनिटात कळतो. अगदी आरंभी जो घंटेसारखा मोठा नाद उमटतो, तो जुन्या प्रतीत एक ठोका आहे. नव्या प्रतीत तो ठोका विरत जातो आणि त्या विरण्यातून सॅक्सोफोन वर येतो. मध्ये जी हवा होती ती परत आली. आवाज 'स्वच्छ' झाला असे मी म्हणणार नाही. माणसे खोलीत बसलेली जाणवू लागली, एवढेच म्हणेन.

याच आवृत्तीत दुसऱ्या दिवशीचे, १० डिसेंबरचे काही प्रयत्न ऐकायला मिळाले. त्या दिवशी कोल्ट्रेनने आणखी दोघांना बोलावले होते. आर्ची शेप हा दुसरा टेनर सॅक्सोफोनवादक आणि आर्ट डेव्हिस हा दुसरा बासवादक. सहा जणांनी पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला. अखेर कोल्ट्रेनने चौघांचीच आवृत्ती ठेवली. वेष्टनावरच्या पत्रात मात्र या दोघांची त्याने आठवणीने दखल घेतली. २०१५ साली याहून मोठी आवृत्ती आली. तिच्यात या षट्काचे सहा प्रयत्न, 'रेझोल्यूशन'चे न वापरलेले तुकडे आणि शेवटच्या भागाची एक विशेष प्रत आहे.

असे सगळे बाहेर काढणे योग्य आहे का, हा प्रश्न मला पडतो. कलावंताने जे बाजूला ठेवले ते कंपनीने त्याच्या मृत्यूनंतर विकावे, यात धंदा आहेच. 'मूळ टेपवरून' हे शब्द तर अनेक प्रतींवर छापलेले असतात. मूळ म्हणजे कितवी पिढी, हे क्वचितच सांगितलेले असते. शिवाय सलग ऐकायला ही मोठी आवृत्ती वाईट आहे. ३३ मिनिटांची एकसंध प्रार्थना संपते आणि पाठोपाठ तिचा पहिला भाग पुन्हापुन्हा सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. नमाज पढून झाल्यावर कुणी वजूचा सराव दाखवावा तसे वाटते. तरीही अभ्यासासाठी या तुकड्यांना मोल आहे. शेपचा आवाज जाड, खरबरीत, वाद घालणारा आहे. तो आला की पहिला भाग दोन माणसांचा संवाद होतो. संवाद चांगला आहे. पण कबुली माणूस एकट्यानेच देतो. कोल्ट्रेनने काय नाकारले ते ऐकल्यावर त्याने काय निवडले, ते नीट कळते.

*

आता त्या वादाकडे येतो, ज्यामुळे हा लेख मला या अंकासाठी लिहावासा वाटला.

पहिल्या भागात गॅरिसन बासवर चार सुरांचा एक लहान तुकडा वाजवतो. कोल्ट्रेन तो उचलतो आणि एकामागून एक बाराही स्वरांवरून फिरवतो. मग सॅक्सोफोन थांबतो आणि माणसाचा आवाज त्याच चार सुरांवर तीन शब्द पुन्हापुन्हा म्हणू लागतो. ते शब्द म्हणजे रचनेचे नाव. जिक्रच्या मजलिसीत बसलेल्या माणसाला हे ऐकताना कुठेतरी ओळख पटते. एकच वचन, तीच लय, श्वासाशी बांधलेली. अमेरिकेतल्या काही मुस्लिम श्रोत्यांनी पुढे असे म्हटले, आणि तसे लिहिलेही गेले, की तो म्हणतो आहे ते 'अ लव्ह सुप्रीम' नसून 'अल्लाह सुप्रीम' आहे. हे ऐकून मलाही आनंद झाला होता. कॅसेटवर ते तसे ऐकूही यायचे. खरे तर घासलेल्या कॅसेटवर माणसाला जे ऐकायचे असते ते ऐकू येते.

२०१५ च्या आवृत्तीत या मंत्रोच्चाराचे दोन वेगळे ध्वनिमुद्रित थर दिले आहेत. आवाज वरून चढवलेला होता, त्यामुळे तो वेगळा काढून ऐकता येतो. मी ते अनेकदा ऐकले. शब्द 'लव्ह' आहे. ओठ दातांवर येऊन तो शब्द मिटतो. त्यात दुसरे काही नाही.

मग आपल्याला तसे का ऐकायचे होते? उत्तर थोडे अवघड आहे. आपल्यासारख्या समाजाला आपली माणसे मोजण्याची सवय लागते. कुणी मोठा खेळाडू, कुणी शास्त्रज्ञ, कुणी गायक 'आपला' निघाला की छाती रुंदावते. बाहेरचे आपल्याला नावावरून मोजतात, म्हणून आपणही जगाला नावावरून मोजू लागतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे असेच झाले. ते खरे कोण होते, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. 'योगसंग्राम' शेवटपर्यंत वाचलेला माणूस क्वचित भेटतो. कोल्ट्रेनच्या मंत्रातला एक शब्द बदलून त्याला आपल्यात ओढणे हे त्याच जातीचे काम आहे. त्यात त्याची निष्ठा वाढत नाही आणि आपलीही वाढत नाही.

याचा अर्थ इस्लामशी त्याचे नाते नव्हते असा मुळीच नाही. ते नाते होते, आणि ते सिद्ध करायला कानाला भ्रम करून घेण्याची गरज नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत अनेक काळ्या जॅझवादकांनी इस्लाम स्वीकारला. त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत तो आपल्याच उपखंडातून गेलेल्या अहमदिया प्रचारकांमार्फत पोहोचला होता. त्या जमातीबद्दलचे वाद वाचकांना माहीत आहेत; इथे फक्त इतिहास म्हणून नोंदवतो. यूसुफ लतीफ, साहिब शिहाब, अहमद जमाल ही नावे त्या काळातली. ड्रमवादक आर्ट ब्लेकीने अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतले. खुद्द 'अ लव्ह सुप्रीम'च्या पियानोवर बसलेला मॅकॉय टायनर तरुणपणीच मुसलमान झाला होता आणि त्याने सुलेमान सऊद हे नाव घेतले होते. यूसुफ लतीफ स्वतः सॅक्सोफोनवादक आणि कोल्ट्रेनचे मित्र. वेष्टनावरच्या कवितेतली ईश्वराची स्तुती आणि सूरे फातिहाचा आशय यांतले साम्य त्यांनी दाखवून दिले आहे. हे निरीक्षण मला पटते, कारण ते छापील मजकुरावर उभे आहे. कुणीही वेष्टन उघडून ताडून पाहू शकतो. पण त्याच कोल्ट्रेनच्या मागे दोन धर्मोपदेशक आजोबा आहेत, त्याने हिंदू तत्त्वज्ञान वाचले होते, १९६१ साली 'इंडिया' नावाची रचना वाजवली होती आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले होते. सगळ्या धर्मांवर माझा विश्वास आहे, असे तो म्हणत असे. त्याने निवडलेला शब्द 'प्रेम' आहे. तो तसाच राहू द्यावा. इश्क हा शब्द आपल्या सूफींना परका नव्हता.

*

चौथ्या भागाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण प्रतींची तुलना तिथे सर्वांत जास्त कामी येते.

'साम'मध्ये ठेका नाही. जोन्स मोठ्या नगाऱ्यांवर गडगडाट धरून ठेवतो, पियानो आणि बास खालून आधार देतात, आणि सॅक्सोफोन लहानमोठी वाक्ये बोलतो. मी सुरुवातीला याला संथ आलाप समजत होतो. वेष्टनावरच्या पत्रात कोल्ट्रेनने या भागाला सांगीतिक निवेदन म्हटले आहे. त्या सूचनेचा पुरा अर्थ चरित्रकार लुइस पोर्टर यांनी उलगडून दाखवला. कोल्ट्रेन तिथे आपली कविता वाजवतो आहे. अक्षरागणिक. कविता समोर ठेवून ऐकले तर प्रत्येक ओळ सॅक्सोफोनवर बोट ठेवून वाचता येते. देवाचे आभार मानणारी ओळ आली की सूर प्रत्येक वेळी त्याच वळणाने खाली उतरून स्थिरावतो.

आपल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मजकूर ठरलेला आहे, ठेका नाही, वाक्य संपेल तिथे थांबा आहे, आणि थांब्याची जागा अर्थ ठरवतो. तिलावतीला आपण संगीत म्हणत नाही, आणि कारीही स्वतःला गायक म्हणवून घेणार नाही. तो फरक मी पाळतो. संगीत जायज की नाजायज या वादातही मी इथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की मजकुरापुढे स्वतःची कारागिरी बाजूला ठेवणे काय असते, ते ज्याने कारीकडून ऐकले आहे, त्याला 'साम' लवकर कळेल. जगातल्या सर्वांत वेगवान सॅक्सोफोनवादकांपैकी एक माणूस इथे सात मिनिटे एकही करामत करत नाही.

आणि म्हणूनच प्रत महत्त्वाची. सपाट केलेल्या नकलेत सॅक्सोफोनचे शब्द एकमेकांत मिसळतात. जीभ पातीवर आपटून अक्षर सुरू होते तो क्षण नगाऱ्यांच्या गडगडाटात बुडतो. २००२ च्या प्रतीत अक्षरे सुटी होतात. अगदी शेवटी, जिथे माझी कॅसेट कधी पोहोचलीच नाही, तिथे क्षणभर दुसरा सॅक्सोफोन ऐकू येतो. तो नंतर वरून चढवलेला आहे. २०१५ च्या आवृत्तीत हा भर न घातलेली 'साम'ची प्रतही दिली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. भर नसलेल्या प्रतीत माणूस एकटा बोलतो आणि गप्प होतो. भर घातलेल्या प्रतीत शेवटच्या क्षणी कुणीतरी दुसरे त्याच्या आवाजात आवाज मिळवते. दुआ मागणाऱ्याच्या पाठीमागून 'आमीन' यावे, तसे मला ते वाटते. हा अर्थ माझा आहे, कोल्ट्रेनचा नव्हे. पण तो सुचण्यासाठी दोन्ही प्रती हाताशी असाव्या लागल्या.

आता त्या छापील पानाकडे. कविता समोर नसेल तर 'साम' अर्धाच ऐकू येतो. माझ्या कॅसेटबरोबर कागदाचा तुकडाही नव्हता. सीडीसोबत पुस्तिका आली तरी अक्षरे बारीक. आज मोबाइलवर ही रचना क्षणात ऐकता येते, आवाजही चांगला असतो. मात्र पत्र आणि कविता बहुधा सोबत येत नाहीत. इतकी तंत्रे बदलून आपण पुन्हा माझ्या मित्राच्या कॅसेटपाशीच आलो आहोत.

प्रत्यक्ष मैफलीतल्या दोन प्रतींबद्दल थोडक्यात. २६ जुलै १९६५ रोजी फ्रान्समधल्या अँटिब्सच्या महोत्सवात चौघांनी ही रचना संपूर्ण वाजवली, साधारण ४८ मिनिटे. फ्रेंच रेडिओने ती मुद्रित केली होती. अनेक वर्षे ती चोरट्या रेकॉर्डवर फिरत होती; २००२ च्या आवृत्तीत ती रीतसर आली. तिच्यात मंत्रोच्चार नाही. दुसरी प्रत सिएटलची, २ ऑक्टोबर १९६५ ची, सुमारे ७५ मिनिटांची. तिच्यात फॅरो सँडर्स धरून सात वादक आहेत. जो ब्राझील या सॅक्सोफोनवादक मित्राने ती टेप करून आपल्यापाशी ठेवली होती. ब्राझील २००८ साली वारले, आणि टेप २०२१ साली प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे. ड्रम्स पुढे, सॅक्सोफोन कधीकधी दूर. ३३ मिनिटे, ४८ मिनिटे, ७५ मिनिटे. एका वर्षाच्या आत तीच प्रार्थना अशी पसरत गेली. स्टुडिओतल्या प्रतीत तिने बांध घातला होता. सिएटलमध्ये तो फुटलेला आहे. मला स्टुडिओची प्रत जवळची वाटते, पण आता मी तिला एकमेव म्हणत नाही.

*

शेवटी एका बाईबद्दल लिहितो, जिचे नाव या सगळ्या साखळीत सर्वांत कमी घेतले जाते.

कोल्ट्रेनची पहिली पत्नी नायमा. मूळ नाव हुआनिटा ग्रब्ज. तिने इस्लाम स्वीकारला होता. १९५५ साली त्यांचे लग्न झाले. तिची मुलगी साईदा त्यांच्याबरोबर होती. १९५७ साली कोल्ट्रेनने व्यसने सोडली तेव्हा ती आणि त्याची आई त्याच्यापाशी होत्या. 'जायंट स्टेप्स' या अल्बममध्ये त्याने साईदाच्या नावाची एक रचना ठेवली आणि एक नायमाच्या नावाची. २ डिसेंबर १९५९ रोजी मुद्रित झालेल्या 'नायमा'त तो केवळ धून वाजवतो. विस्तार करायचे काम पियानोवाल्या विंटन केलीकडे सोपवतो. १९६३ च्या उन्हाळ्यात तो घर सोडून गेला. रचना मात्र सुटली नाही. २८ मे १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्याने ती पुन्हा वाजवली, तेव्हा पियानोवर अ‍ॅलिस बसली होती. १९५९ च्या प्रतीत धून एका पेल्यात भरून ठेवल्यासारखी स्थिर आहे. १९६६ च्या प्रतीत ती मोडते, किंचाळते आणि तरी परत येते. या दोन प्रती शेजारी ठेवल्या की चरित्रातली अनेक पाने अनावश्यक वाटू लागतात.

पण नायमाचे खरे ऋण वेगळेच आहे. ६ मार्च १९६३ रोजी याच चौघांनी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एक दिवस मुद्रण केले होते. कंपनीकडची ती टेप पुढे नष्ट झाली. जुन्या टेपांची जागा अडते म्हणून त्या काळात कंपनीने बऱ्याच टेपा टाकून दिल्या होत्या. मात्र व्हॅन गेल्डर कोल्ट्रेनला घरी ऐकायला एक साधी, एकाच वाहिनीची प्रत करून देत असे. ती प्रत घरी आली. तो घरातून गेला, ती राहिली. नायमाचे १९९६ साली निधन झाले, तरी कुटुंबाने ती सांभाळली, आणि २०१८ साली तिच्यावरून 'बोथ डिरेक्शन्स अ‍ॅट वन्स' प्रसिद्ध झाले. कंपनीने त्याला 'हरवलेला अल्बम' म्हटले. हे बिरुद मला जईफ वाटते. काही रचनांना नावेही नव्हती, फक्त टेपवरचे क्रमांक होते. कोल्ट्रेनला त्याचा अल्बम करायचा होता, याला आधार दिसत नाही. पण टेपची सनद पक्की आहे. ध्वनिमुद्रकाच्या हातून वादकाकडे, वादकाच्या घरातून त्याच्या पत्नीकडे, तिच्याकडून तिच्या कुटुंबाकडे.

२००८ साली हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि तिथल्या टेपांच्या कोठाराचे नुकसान झाले. २०१९ साली या आगीबद्दल सविस्तर बातमी आली तेव्हा नुकसान झालेल्यांत कोल्ट्रेनचेही नाव होते. कंपनीने मात्र नुकसान फुगवून सांगितल्याचे म्हटले. ते काहीही असो. मोठी कोठारे असलेल्यांनी जे घालवले, ते एका विभक्त मुसलमान बाईच्या घरात शाबूत राहिले, एवढे मात्र खरे. रावींच्या यादीत बायकांची नावे आदराने घेणारी आपली परंपरा आहे. हजरत आयेशा यांच्याशिवाय हदीसच्या ग्रंथांची कल्पनाच करता येत नाही. कोल्ट्रेनशी आपले नाते शोधायचेच असेल तर ते मंत्रातला शब्द बदलून शोधू नये. ज्या हातांनी ती टेप जपली, त्या हातांपाशी ते अगदी ठळक दिसते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी २००२ ची आवृत्ती मिळवावी, पहिली सीडी आधी ऐकावी आणि काही महिने दुसरी लावू नये. माझ्याकडे अजूनही कुणी ना कुणी ही रचना मागायला येतो. मी देतो. सोबत एक कागद देतो. ही प्रत कोणत्या टेपवरून आली, ती टेप कुणी केली, हे त्यावर लिहिलेले असते. खाली एक सूचना असते की चौथ्या भागाच्या वेळी कविता समोर ठेवावी, आणि शेवटपर्यंत थांबावे.